तिसरा खांब

आमचं घर पाण्यावर. हनुआबाडात सगळ्यांचंच.
तिसऱ्या खांबावर दोन तऱ्हेच्या खुणा आहेत:
फळीखाली भरतीच्या, काळ्या, शिंपल्यांनी खरवडलेल्या,
फळीवर गेउआच्या, माझ्या चाकूच्या.
भरती ठरल्या जागेवरून मागे फिरते.
पोरगी फिरली नाही.
तेराव्या वर्षी अशी ताडमाड वाढली
की दारातून येताना मान आधी आत येते, मग ती.

मी तिचा मामा. पाच फूट एक इंच, तेही बूट धरून.
एकोणीस वर्षं गावासाठी स्टंपमागे बसलो.
मी बसलो काय, उभा राहिलो काय,
लांबून बघणाऱ्याला फक्त टोपी हललेली दिसे.
तौनाओ कोच म्हणाला, हिला बॉलिंग दे,
एवढी उंची खाली बसवून कशाला नासवायची?
ती काही बोलली नाही.
माझे जुने ग्लव्ह्ज काढले, उन्हात टाकले,
आणि बोटं आत जाईनात म्हणून टोकं कापली.

आमचं मैदान म्हणजे डांबरी रस्ता.
बॉल पाण्यात गेला की बॅट्समन आऊट,
आणि पोहायचं मात्र किपरने.
पहिले सहा महिने ती पोहतच होती.
उंच माणसाला जमीन लांब पडते.
बॉल तिच्या दोन पायांमधून असा जाई
जसा शेजाऱ्याच्या फळीखालून होडीवाला, न विचारता.
मी म्हणायचो, आधी उठू नकोस.
बॉल उठेल तशी ऊठ.
भात उतू यायला लागला की झाकण काढतो ना,
तेवढंच. त्याच्या आधी नाही.

मग एक दिवस लेगला, उंच, वाया गेलेला तो बॉल.
असल्या बॉलमागे मी एकोणीस वर्षं उड्या मारल्या
आणि रिकाम्या हातांनी खाली आलो.
तिने नुसता हात वर केला,
दोरीवरचं वाळलेलं फडकं काढावं तसा.
सुपारी माझ्या गालात तशीच राहिली,
चुना बोटावर वाळला.

बॅटिंगचं दुखणं निराळं.
पोरेबाडाविरुद्ध ती आणि हेबोऊ खेळत होत्या.
हेबोऊ माझ्याच मापाची.
बाउन्सर आला की ती मान घालते,
तो डोक्यावरून जातो, चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.
तोच गेउआच्या बरगडीत बसतो.
आणि यॉर्कर!
डोळ्यांपासून बुटांपर्यंत तिचा रस्ता एवढा लांब
की निरोप पोचेपर्यंत वेळ निघून जाते.
पण पुढे पाय टाकला तर अर्धं पीच तिचं,
चांगल्या टप्प्याचा बॉलही तिथे गरीब होतो.
दोघी एकेक धाव काढत राहिल्या.
एकीच्या गळ्याशी येणारा दुसरीच्या कमरेशी,
बोलर दर बॉलला नवं माप घेत होती,
शिंप्यासारखी, आणि शेवटी कात्रीच हरवल्यासारखी.
जिंकलो नाही. चार धावा कमी पडल्या.
तरी त्या बोलरचा चेहरा मला अजून आठवतो.

रात्री गेउआचे गुडघे दुखतात.
वाढीने की बसण्याने, आम्ही विचारत नाही.
मी खोबरेल लावतो. बहीण पाठ करून भांडी घासते,
आणि जरा जास्तच आवाज करते.

काल तिनेच चाकू घेतला. म्हणाली, आज तुझी खूण.
मी खांबाला पाठ लावली.
खाली ओहोटीचं पाणी पोरांच्या चपला घेऊन चाललं होतं.
पातं माझ्या केसांवर टेकलं आणि थांबलं.
माझी जुनी खूण दोन बोटं वर होती.

"मामा, ताठ उभा राहा."

मी ताठच होतो.